समजल्याची सही

युरोपात विजेवर चालणारी कुठलीही बारकी वस्तू विकायची, तर तिच्यावर सी आणि ई अशी दोन अक्षरं छापावी लागतात. ती छापायची परवानगी कोण देतं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी विचारलाय, की उत्तर देताना जांभई आवरावी लागते. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत कोणीच देत नाही. आपली आपणच घ्यायची. चाचण्या करायच्या, त्यांचे कागद फाइलला लावायचे आणि शेवटी एका पानावर लिहून द्यायचं, की हा माल सुरक्षित आहे आणि त्याची जबाबदारी आमची. खाली नाव, हुद्दा, सही. सरकारी ऑफिस नाही, शिक्का नाही, रांग नाही. पुढेमागे काही झालं तर तिकडचे अधिकारी फाइल मागतात, एवढंच.

आमच्या मालकांना मी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे पेपर आपणच लिहायचा, आपणच तपासायचा आणि निकालही आपणच लावायचा? मग अवघड काय आहे त्यात?"

"सही," मी म्हटलं.

"ती तुम्ही करा. इंग्रजी तुम्हाला येतं. मी आपला चेकवर करतो तेवढी पुरे."

अशी मी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, नागपूरहून पुण्यात येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली मुलगी, परदेशी जाणाऱ्या मालाची जबाबदार व्यक्ती झाले. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

कारखाना म्हणजे कर्वेनगरच्या पुढे नदीच्या अंगाला असलेली एक पत्र्याची शेड. निम्म्या शेडमध्ये व्होल्टेज स्टॅबिलायझर बनायचे, ते आपल्याकडे खपायचे. उरलेल्या निम्म्यात एक छोटा टायमर बनायचा, तो युरोपात जायचा. साबणाच्या डबीएवढा डबा. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि त्याच्यात टेबललॅम्पची पिन खोचायची. घरचे लोक सुट्टीला गेले की हा डबा ठरल्या वेळी दिवा लावणार, ठरल्या वेळी बंद करणार, म्हणजे चोराला वाटावं की घरात माणसं आहेत. मालक म्हणायचे, "आपल्याकडे हा चालणार नाही. आपल्याकडे शेजारीच चोराला सांगतील, अहो, ते गावाला गेलेत, मंगळवारनंतर या."

मी धनकवडीत खोली घेऊन राहायचे. सकाळी स्वारगेटला यायचं, तिथं बस बदलायची, उभ्यानं कर्वेनगर गाठायचं आणि पुढे चालत शेड. माझ्याबरोबर डिप्लोमा झालेले एकेक जण संध्याकाळचे कॉम्प्युटरचे क्लास लावून सॉफ्टवेअरमध्ये शिरत होते आणि दोन हजार सालच्या तारखेचा घोळ निस्तरायला अमेरिकेला चालले होते. जाण्याआधी पेढे द्यायला यायचे. सॉफ्टवेअर बिघडलं तर कोणाला शॉक बसत नाही, असं मी मनातल्या मनात म्हणायचे, पेढा खायचे आणि परत माझ्या फाइलकडे वळायचे. ती फाइल हाच माझा अभिमान होता. दोन जाडजूड बॉक्सफाइली, प्रत्येक पानाला क्रमांक, प्रत्येक सुट्या भागाचा कागद जागच्या जागी.

त्या सुट्या भागांतला एक होता फ्यूज. पेन्सिलीच्या तुकड्याएवढी काचेची नळी आणि तिच्यात केसासारखी तार. बाहेरच्या प्रयोगशाळेत आमच्या टायमरची चाचणी झाली तेव्हा मी समोर उभी होते. तिथल्या माणसानं आतला ट्रान्सफॉर्मर मुद्दाम शॉर्ट केला आणि डब्यावर पातळ मलमलचा तुकडा टाकला. कापड काळं पडलं तर माल नापास. आत टिक् असा बारीक आवाज झाला, फ्यूजची तार वितळली आणि डबा बंद पडला. मलमल पांढरीशुभ्र. वेळ आली की गपचूप मरते ती चांगली वस्तू, ही व्याख्या मला इतकी आवडली, की परतीच्या प्रवासात मी स्वतःशीच हसत होते. शेडमध्ये येऊन मात्र मी ती कोणाला सांगितली नाही. अहवाल फाइलला लावला.

टायमरच्या टेबलावर सात बायका बसायच्या आणि त्यांच्यावर एक मावशी. मावशी वारज्याच्या पलीकडच्या खेड्यातून यायच्या. चौथी शिकलेल्या. वय माझ्या आईएवढं. शेडची एक किल्ली त्यांच्याकडे असायची आणि सगळ्यांत आधी त्याच यायच्या. त्यांचं सोल्डरिंग माझ्यापेक्षा सरस होतं, हे मी सोडून सगळे बोलून दाखवायचे. मी तिशीच्या आतली, तरी मला त्या 'म्याडम' म्हणायच्या. मी त्यांना मावशीच म्हणायचे.

एकदा टायमर घेणाऱ्या युरोपातल्या कंपनीकडून लांबलचक प्रश्नावली आली. सुरक्षेशी संबंधित भाग कोण बसवतं, त्यांना प्रशिक्षण दिलं आहे का, त्याच्या नोंदी जोडा. नोंदी म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी दुपारी कॉम्प्युटरवर एक तक्ता केला. वर इंग्रजीत चार ओळी: फ्यूज हा सुरक्षेचा भाग आहे, ठरलेल्या मापाशिवाय दुसरा वापरू नये, का वापरू नये ते मला समजावून सांगण्यात आले आहे आणि समजले आहे. खाली नावं आणि सह्यांच्या रेघा. डबे खाण्याच्या सुट्टीत मी तो टेबलावर फिरवला.

"कसला कागद म्हनायचा?" मावशींनी विचारलं.

"तुम्हाला काम येतं, असा."

मावशींना बरं वाटलं. त्यांनी उठून हात धुतले, पदराला पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर नीट काढत सही केली. मग बाकीच्या बायकांनी केली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. बसनं येता-जाता इतका जीव जायचा, की कामाचं एखादं कलम पाच मिनिटांत उरकलं तर मला सुटल्यासारखं व्हायचं. तो कागद खोटा आहे, असं माझ्या मनात आलंसुद्धा नाही. काम त्यांना येतच होतं की.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीचं पत्र आलं. गेल्या दोन खेपांत बंद पडला म्हणून एकही टायमर गिऱ्हाइकाकडून परत आलेला नाही, अभिनंदन. मालकांनी कधी नव्हे ते सगळ्यांना सामोसे आणले. मी पत्र मराठीत सांगितलं तेव्हा मावशी बायकांकडे बघून नुसत्या हसल्या. मी ते श्रेय माझ्या फाइलला देऊन मोकळी झाले.

त्यानंतर महिनाभरानं मला फाइलसाठी टायमरच्या आतल्या भागाचे नवे फोटो हवे होते. कॅमेरा उसना आणला होता. पॅक झालेल्या खोक्यांतला एक टायमर मी उघडला, लेन्समधून पाहिलं, आणि फ्यूजची तार मला जाड दिसली. केसासारखी नाही, सुतळीच्या धाग्यासारखी. फ्यूजच्या टोपणावर बारीक आकडा कोरलेला असतो, तो भिंग लावून वाचला. ठरलेल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. दुसरा टायमर उघडला. तिसरा उघडला. सगळ्यांत तेच.

मी मावशींना बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

"त्यो बारका टिकत न्हाई, म्याडम. ह्यो टिकतो. म्हून घातला."

आमच्याकडे पुण्यातल्या इतर कारखान्यांसारखी गुरुवारी सुट्टी असायची, कारण गुरुवारी वीज जायची. तयार टायमर आम्ही बुधवारी मांडणीवर लावून शुक्रवारपर्यंत चालू ठेवायचो, एखादा कच्चा राहिला असेल तर ते तिथंच कळावं म्हणून. गुरुवारी वीज जायची, यायची, परत जायची, आणि येताना असा झटका देऊन यायची की बल्ब पांढरे पडायचे. शुक्रवारी सकाळी मावशी कुलूप उघडायच्या, तर मांडणीवरची एखादी ओळच्या ओळ बंद. फ्यूज गेलेले. कारखान्यातच मरणारा माल परदेशातल्या घरात काय टिकणार, असं त्यांना वाटलं. स्टॅबिलायझरच्या टेबलावर त्याच लांबीचे, जाड तारेचे फ्यूज डबाभर पडलेले असायचे. मावशींनी ते बसवून पाहिले. पुढच्या शुक्रवारी एकही टायमर बंद नव्हता. मग त्यांनी सगळ्यांतच ते घालायला सांगितलं.

"तुमचंच नाव खराब व्हायचं ना," मावशी म्हणाल्या. "दिवाळीपासनं एक तरी माघारी आला का?"

नव्हता आला. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला तरी आता तो डबा मरणार नव्हता. तो तापत राहणार होता. कुठल्या तरी बंद घरात, पडद्याजवळच्या सॉकेटमध्ये, माणसं सुट्टीला गेलेली असताना. आणि दोन्ही खेपांच्या कागदांवर तो सुरक्षित असल्याची सही माझी होती.

मी मालकांना सांगितलं. एक त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. गप्प बसू या, असं ते म्हणाले नाहीत. "कळवावं लागेल," म्हणाले. मग त्यांनी माझी बॉक्सफाइल मागून घेतली, पानं उलटली आणि तो तक्ता काढून टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही शिकवलेलं दिसतंय त्यांना."

मी तक्ता उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"सही त्यांची आहे ना? मग प्रश्न मिटला. आपण शिकवलं होतं, बाईंनी ऐकलं नाही. बाई काढल्या. असं लिहिलं तर ऑर्डर राहील. शिकवलंच नव्हतं असं लिहिलं तर काय होईल, ते तुम्हीच सांगा."

"पण मी खरंच—" एवढं बोलून मी थांबले.

"बोला की," मालक म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "हा कागद खोटा असेल तर तसं सांगा. पण अहो बाई, हा एक खोटा ठरला, तर दोन्ही फाइलींतल्या उरलेल्या कागदांचं काय? त्यांत कुठला खरा आणि कुठला नाही, हे त्या लोकांना तुम्ही सांगणार, की मी?"

उत्तर मला माहीत होतं. बाकीचे सगळे कागद खरे होते. पण ते खरे आहेत असं म्हणायला माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तो शब्दच मी त्या तक्त्यावर खर्चून बसले होते. दोन वर्षं बसच्या धक्क्यांत झोप पूर्ण करून बनवलेली ती फाइल. मला ती वाचवायची होती. नोकरीही वाचवायची होती, पण आधी फाइल. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

फॅक्स मीच लिहिला. चुकीचा फ्यूज बसलेल्या दोन्ही खेपा लगेच बाजारातून काढून घ्या, त्या धोकादायक आहेत, असं स्पष्ट लिहिलं. त्यात एक शब्दही मऊ केला नाही. पुढे लिहिलं, की रीतसर प्रशिक्षण दिलेलं असूनही एका कामगारानं स्वतःच्या मनानं हा बदल केला. सोबत तक्ता जोडला. खाली सही केली.

सही करताना मला आजोबांचा अंगठा आठवला. गावात त्यांना काही वाचून न दाखवता कागदांवर अंगठे घ्यायचे, आणि कशावर दिला ते त्यांना कधी कळलं नाही. ते छप्पन साली नागपूरला दीक्षेला चालत गेले होते आणि परत येऊन त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या वडिलांना शाळेत घातलं. वडील सरकारी कचेरीत कारकून झाले. मला त्यांनी सहीचं वळण लावलं ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, आणि वाचल्याशिवाय करायची नाही हे बजावलं. दुसऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, हे सांगायची त्यांना गरज वाटली नसणार. आपल्याच मुलीला हे काय सांगायचं?

आठवलं, तरी सही केली.

कंपनीचं उत्तर लवकर आलं. कळवल्याबद्दल आभार, दुकानांतला माल उचलला आहे, घेतलेल्या लोकांसाठी वर्तमानपत्रात सूचना दिली आहे, आपण दिलेलं कारण पटण्यासारखं आहे. संबंधित कामगाराबाबत काय केलं, ते कळवावं. मालकांनी मावशींना आत बोलावलं. मीही तिथं होते. त्यांनी तक्ता पुढे केला आणि विचारलं, सही तुमचीच ना?

"हाय की," मावशी म्हणाल्या.

महिनाअखेरीला त्यांचा शेवटचा दिवस होता. बायका डोळे पुसत निघून गेल्या. मावशी आपला खण आवरत होत्या. चिमटा, फडकं, कुंकवाची डबी, एक जुना चष्मा. मी बाहेरच्या बाहेर निसटायच्या बेतात होते.

"म्याडम, जरा थांबा. रागावून न्हाई इचारत. पन माझं चुकलं काय, ते कुनी नीट सांगंना. तेवढं सांगा."

मी पिशवी खाली ठेवली. एक टायमर घेतला, ट्रान्सफॉर्मर शॉर्ट केला आणि आत त्यांचा जाड फ्यूज बसवला. प्रयोगशाळेतली मलमल माझ्याकडे नव्हती. मावशींनी आपलं फडकं दिलं. आम्ही दोघी टेबलाशी उभ्या राहिलो. काही वेळ काहीच झालं नाही. मग वास यायला लागला. मग फडक्यावर तपकिरी डाग उमटला आणि पसरत गेला. मी बटण बंद केलं. मावशींनी डब्याला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. प्लास्टिक मऊ झालं होतं.

मग दुसरा टायमर घेऊन बारीक फ्यूज घातला. टिक् आवाज झाला. डबा थंड, फडकं जसंच्या तसं.

"त्यो मरतो म्हून बाकीचं वाचतं," मावशी म्हणाल्या. मी एक शब्दही समजावला नव्हता.

"हो."

"एवढंच व्हतं, व्हय?" त्या फडक्याची घडी घालत होत्या. डागाची बाजू आत गेली. आता त्या मला तक्त्याबद्दल विचारतील, असं मला वाटलं. विचारावं, असंही वाटलं. मी सगळं सांगितलं असतं, निदान आज मला तसं वाटतं.

त्यांनी वेगळंच विचारलं.

"मग म्या घातलेलं तिकडं किती घरांत हायत अजून? लेकरंबाळं असत्याल तिथं."

ऑर्डर राहील का, हे मालकांनी विचारलं होतं. कारण काय, हे कंपनीनं विचारलं होतं. मी स्वतःला काय काय विचारलं होतं, ते वर लिहिलंच आहे.

"सगळे परत मागवलेत, मावशी."

"आन् आले का? सगळे?"

"हो, आले," मी म्हटलं.

दुकानांतले आले होते, तेवढं पत्रात होतं. लोकांच्या घरांत गेलेल्यांचं त्यात काही नव्हतं, आणि मी ते विचारलं नव्हतं. पुढेही कधी विचारलं नाही.

मावशींनी डोळे मिटून हात जोडले. "सुटले बाई," म्हणाल्या. मग किल्ली माझ्या हातात दिली आणि पिशवी घेऊन बस गाठायला निघाल्या.